दोन वर्षांची फिजिओथेरपी एमएससी: सोलापूरच्या बीएस्सीवाल्यांनी पैसे भरण्याआधी काय पाहावं

बीएस्सीचा निकाल लागला की सोलापुरात दरवर्षी काही घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलगी झूऑलॉजी किंवा बायोटेकमध्ये फर्स्ट क्लासने सुटलेली असते, बारावीला नीटचे मार्क कमी पडलेले असतात, आरोग्यक्षेत्राची ओढ मात्र गेलेली नसते. मग कुणीतरी सांगतं, इंग्लंडला दोन वर्षांत फिजिओथेरपिस्ट होता येतं. हे खरं आहे. फसवणूक नाही, कागदावरची पदवी नाही, तिथल्या सरकारी दवाखान्यात नोकरीला चालणारी रीतसर पदवी आहे. पण ती कुणासाठी आहे आणि कुणासाठी नाही, हे इकडच्या माहितीपत्रकांत कुणी लिहीत नाही.

आमचं मत आधीच सांगतो. ज्यांना ब्रिटनमध्ये निदान काही वर्षं राहून काम करायचं आहे, घरची ऐपत किंवा तारण आहे आणि इंग्रजीत बोलायची-लिहायची सवय आहे, त्यांच्यासाठी हा अभ्यासक्रम उत्तम आहे. दोन वर्षांत परत येऊन सात रस्त्यावर किंवा होटगी रोडला क्लिनिक टाकायचं असेल तर हा रस्ता धरू नका. त्यासाठी इथली बीपीटी, म्हणजे भारतातली फिजिओथेरपीची पदवीच करा.

अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव एमएससी फिजिओथेरपी, प्री-रजिस्ट्रेशन. दुसऱ्या विषयात पदवी घेतलेल्यांना तो शून्यापासून फिजिओथेरपी शिकवतो. किंग्ज कॉलेज लंडन, साउथॅम्प्टन, शेफिल्ड हॅलम, एडिंबरोचं क्वीन मार्गारेट अशी बरीच विद्यापीठं तो चालवत आली आहेत. इंग्लंडमध्ये बारावीनंतरची फिजिओथेरपीची बीएस्सी तीन वर्षांची असते, आणि तेच शिक्षण या एमएससीत दोन वर्षांत बसवलेलं असतं. बसवतात कसं, तर सुट्ट्या कापून. वर्षाला साधारण 45 आठवडे अभ्यासक्रम चालतो. दवाखान्यातल्या प्रत्यक्ष कामाचे तास कमी होत नाहीत. चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी ही 1894 पासूनची तिथली व्यावसायिक संस्था दोन्ही अभ्यासक्रमांकडून 1,000 तासांची अपेक्षा ठेवते. म्हणजे सूट कशातच मिळत नाही. आपल्याकडच्या पदव्युत्तर वर्गासारखं सकाळी तीन तास लेक्चर आणि मग मोकळा दिवस, असं चित्र डोक्यात असेल तर ते आत्ताच काढून टाका.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कारण लाखो रुपये इथेच बुडतात. त्याच विद्यापीठांच्या यादीत एमएससी ॲडव्हान्स्ड फिजिओथेरपी नावाचा दुसरा अभ्यासक्रम असतो. तो आधीच फिजिओथेरपिस्ट असलेल्यांसाठी आहे, बहुधा एका वर्षाचा. तो करून तिथे काम करण्याची नोंदणी मिळत नाही. बीएस्सी झूऑलॉजीवाल्याला त्यात प्रवेश मिळू नये, तरीही अर्ज घालून देणारे आहेत. उलटा प्रकारही होतो. बीपीटी झालेल्या मुलाला दोन वर्षांची प्री-रजिस्ट्रेशन एमएससी सुचवली जाते. त्याला तिची गरजच नाही. तो थेट हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, म्हणजे तिथे फिजिओथेरपिस्टची नोंदणी करणाऱ्या एचसीपीसीकडे परदेशी पदवीधर म्हणून अर्ज करू शकतो. आयईएलटीएसमध्ये एकूण 7 आणि कुठल्याही भागात 6.5 पेक्षा कमी नाही, ही भाषेची अट पाळावी लागते आणि अभ्यासक्रमाचा तपशील तासांसकट द्यावा लागतो. शिवाय फिजिओथेरपीची पदवी असलेल्यांना बरीच विद्यापीठं प्री-रजिस्ट्रेशनला घेतही नाहीत. स्पोर्ट्स रिहॅबिलिटेशन हा तिसरा. विषय छान आहे, पण ती पदवी घेऊन स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवून घेता येत नाही. ब्रिटनमध्ये ही उपाधी कायद्याने राखीव आहे.

पडताळणी पाच मिनिटांची आहे. एचसीपीसीच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी असते. तिथे विद्यापीठ शोधा आणि अभ्यासक्रमाचं नाव ऑफर लेटरवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का पाहा. जुळत नसेल तर डिपॉझिट भरू नका. कन्सल्टंट काहीही म्हणो.

प्रवेश

पदवी कोणती लागते, यावर विद्यापीठागणिक फरक आहे. झूऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, मानसशास्त्र, क्रीडाशास्त्र हे विषय बहुतेक ठिकाणी चालतात. नुसत्या केमिस्ट्रीच्या बीएस्सीला अनेक ठिकाणी नकार येतो. शरीरक्रियाशास्त्र किंवा संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्राचा एखादा पेपर झाल्याचा पुरावा मागतात. आपल्या विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर पेपरचं नाव असतं, आत काय शिकवलं ते नसतं. म्हणून महाविद्यालयाकडून त्या वर्षाचा अभ्यासक्रम, प्राचार्यांच्या सही-शिक्क्यासह, निकालाच्या आधीच घेऊन ठेवावा. जूनमध्ये प्रवेशाच्या गर्दीत ऑफिसात हे काम कुणी करून देत नाही.

जागा मोजक्या असतात. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी दवाखान्यात प्लेसमेंट, म्हणजे शिकताना प्रत्यक्ष काम करायची जागा, शोधावी लागते, म्हणून विद्यापीठाला वाटलं तरी संख्या वाढवता येत नाही. काही ठिकाणी परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत. सप्टेंबरच्या तुकडीसाठी आदल्या ऑक्टोबर ते जानेवारीत अर्ज गेला पाहिजे. मेमध्ये जागे होणाऱ्यांना उरलेलं मिळतं, किंवा काहीच नाही.

अर्जात तुम्ही फिजिओथेरपी प्रत्यक्ष पाहिली आहे का, हे विचारतात आणि इथेच सोलापूरच्या मुलांचे अर्ज पातळ पडतात. ‘मला लोकांची सेवा करायची आहे’ हे वाक्य त्यांच्याकडे हजारोंनी येतं. त्यापेक्षा दोन वेगळ्या ठिकाणी बसून काम पाहा: एक मोठा दवाखाना, एक खासगी क्लिनिक. सिव्हिलमध्ये बसायचं तर लेखी अर्ज करून रीतसर परवानगी घ्यावी लागते. ओळखीवर आत जाऊन बसलात तर शेवटी पत्र मिळत नाही. पत्रावर तारखा, एकूण तास, विभाग आणि देखरेख करणाऱ्याचं पद हवं. आणि पाहायचं काय, ते तर आपल्या गावात भरपूर आहे. विडी वळणाऱ्या बाया मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून तासन् तास बसतात. मानेचं, खांद्याचं, बोटांच्या सांध्यांचं दुखणं घेऊन त्या येतात, आणि ‘विश्रांती घ्या’ हा सल्ला त्यांना परवडणारा नसतो, कारण मजुरी नगावर असते. अशा बाईला फिजिओथेरपिस्टने बसण्याची पद्धत कशी बदलून दिली, व्यायाम कामाच्या मध्ये कसे घुसवले, पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा काय विचारलं, हे नीट पाहून लिहिलेला एक परिच्छेद पानभर सेवाभावापेक्षा जास्त मोलाचा आहे. पॉवरलूमवर उभं राहून काम करणाऱ्यांच्या पाठी, मधुमेहींचे आखडलेले खांदे, अपघातानंतरचे गुडघे, सगळं आहे. फक्त रुग्णाचं नाव किंवा ओळख पटेल असा तपशील लिहू नका. तिथे त्यावरून अर्ज बाद होऊ शकतो, आणि व्हायलाही हवा.

मुलाखतीत पुस्तकी ज्ञान फार विचारत नाहीत. एनएचएस म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा. तिच्या घटनापत्रात सहा मूल्यं दिलेली आहेत. ती पाठ म्हणून दाखवायची नसतात, पण प्रसंगांवरचे प्रश्न त्यांच्यावरच बेतलेले असतात. सोबतच्या विद्यार्थ्याने रुग्णाशी उद्धटपणे बोललेलं तुम्ही ऐकलं, काय कराल? ‘सरांना सांगीन’ एवढं उत्तर अपुरं आहे. रुग्ण सुरक्षित आहे का ते आधी पाहीन, मग त्या विद्यार्थ्याशी बोलेन, मग कुणाला आणि कसं कळवीन, असा क्रम त्यांना ऐकायचा असतो.

आरोग्य तपासणीचा भाग सगळे शेवटी ठेवतात आणि अडकतात. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी असतात. त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडांची पातळी तपासायची. म्हणजे सात-आठ महिने गेले. अर्ज टाकला त्याच आठवड्यात पहिला डोस घ्या. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांचा पुरावाही मागतात; लहानपणीचं लसीकरण कार्ड हरवलं असेल तर रक्त तपासून घ्यावं लागतं. टीबीचं प्रमाणपत्र ब्रिटनने मान्य केलेल्या केंद्राचंच चालतं आणि सहा महिनेच टिकतं, तेव्हा ते मात्र फार लवकर काढू नका. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयामार्फत काढायचा.

आत गेल्यावर

पहिले तीन-चार महिने शरीररचना. हाडं, स्नायू, त्यांचे दोन्ही टोकांचे जोड, कोणती नस, काम काय. बीएस्सीला बेडकाची किंवा उंदराची रचना केलेल्यांना वाटतं, पाठांतर आपल्याला जमतं. पाठांतराने लेखी परीक्षा निघते. प्रात्यक्षिकात मात्र समोरच्याच्या अंगावर बोट ठेवून दाखवायचं असतं, आणि अंग म्हणजे पुस्तकातलं चित्र नाही.

एक साधं उदाहरण घ्या, गुडघा किती वाकतो ते मोजणं. रुग्ण पाठीवर झोपलेला. गोनिओमीटर म्हणजे दोन पट्ट्यांचा कोनमापक. त्याचा मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरच्या उंचवट्यावर ठेवायचा. स्थिर पट्टी खुब्याच्या बाहेरच्या ठळक हाडाकडे रोखलेली, हलती पट्टी घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. रुग्णाने टाच ओढत पाय जवळ घ्यायचा आणि आकडा वाचायचा. ऐकायला सोपं आहे. चुकतं ते असं: गुडघा वाकताना कातडी सरकते आणि मध्यबिंदू तिच्यासोबत खाली येतो, विद्यार्थी पट्ट्या फिरवतो, पण हाडाचा उंचवटा बोटाने पुन्हा शोधत नाही. पँट सैल असेल तर खुब्याचं हाड अंदाजाने धरलं जातं. डोळे मोजपट्टीच्या पातळीवर आणण्याऐवजी वरून वाचलं तर आणखी दोन अंश गेले. एकूण पाच अंशांपर्यंतचा फरक मोजणाऱ्याच्या हाताचा असू शकतो, म्हणून सोमवारी 85 आणि गुरुवारी 88 आले तर ‘सुधारणा झाली’ असं लिहायचं नसतं. ही शिस्त अभ्यासक्रम फार चांगली लावतो. गुडघा बदललेल्या माणसाला खुर्चीतून नीट उठायला 90 अंशांच्या आसपास वाकवता यावं लागतं. तिथे पाच अंश म्हणजे घरी सोडायचं की नाही, हा निर्णय.

मज्जासंस्थेची तपासणी याच पद्धतीने शिकवतात. पाऊल वर उचलण्याची ताकद कंबरेच्या चौथ्या नसेची, अंगठा वर उचलण्याची पाचव्या नसेची, टाच उचलून चवड्यावर उभं राहण्याची त्रिकास्थीच्या, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडाच्या, पहिल्या नसेची. ताकदीला 0 ते 5 गुण. कंबरदुखीच्या प्रत्येक रुग्णाला लघवी-संडासवरचा ताबा आणि जांघेतली बधिरता विचारायचीच, लाजून टाळायची नाही, कारण मणक्याच्या खालच्या नसांचा गुच्छ दाबला गेला असेल तर तासांचा खेळ असतो आणि रुग्णाला तातडीने शस्त्रक्रियेकडे पाठवावं लागतं. हा प्रश्न न विचारता पुढे गेलात तर प्रात्यक्षिक परीक्षेत बाकी सगळं बरोबर असूनही नापास करतात. व्हीलचेअरचे ब्रेक न लावणं, हात लावण्याआधी परवानगी न घेणं, खाटेची उंची न बदलता स्वतःची पाठ वाकवून उचलणं, यांनाही तोच नियम. आम्हाला हा कडकपणा योग्य वाटतो. इथल्या कितीतरी ठिकाणी परवानगी विचारण्याची पद्धतच नाही, ‘झोपा, शर्ट काढा’ यावरच काम सुरू होतं.

श्वसनाचा भाग मुलांना सगळ्यात अवघड जातो, कारण बीएस्सीला त्याचा गंधही नसतो. ऑपरेशननंतर छातीत साठलेला कफ बाहेर काढण्याची श्वासाची पद्धत, अतिदक्षता विभागातला रुग्ण, रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट. याला वेळ द्या, बाकीचं सांभाळता येतं. इलेक्ट्रोथेरपीवर, म्हणजे मशीनच्या उपचारांवर, मात्र तिथे भर कमी आहे. आपल्याकडे क्लिनिक म्हटलं की आयएफटी, अल्ट्रासाउंड, शेक आणि ट्रॅक्शन. तिथे व्यायाम, समजावून सांगणं आणि रुग्णाने स्वतः करणं. सोलापुरात परतणाऱ्याला हे पुढे जड जाईल, कारण इथला रुग्ण मशीन लावल्याशिवाय पैसे द्यायला कुरकुरतो. पण उपचार म्हणून तिथली पद्धत जास्त पक्क्या पायावर उभी आहे, असं आमचं ठाम मत आहे.

प्लेसमेंट

अभ्यासक्रमाची खरी किंमत इथे वसूल होते. आठवड्याला 37.5 तास धरले तर 1,000 तास म्हणजे जवळपास 27 आठवडे. ते चार-सहा आठवड्यांच्या तुकड्यांत, वेगवेगळ्या विभागांत: हाडांचा वॉर्ड, पक्षाघाताचा विभाग, श्वसन, ओपीडी, आणि लोकांच्या घरी जाऊन काम. ठिकाण विद्यापीठ ठरवतं. ते राहत्या खोलीपासून बस-रेल्वेने दीड तासावर असू शकतं. तिथल्या विद्यार्थ्यांना प्रवासखर्चासाठी एनएचएसची मदत मिळते, परदेशी विद्यार्थ्यांना नाही. हा खर्च कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो.

प्लेसमेंटवर आपली मुलं ज्ञान कमी असल्यामुळे क्वचितच अडकतात. अडकतात ती गप्प बसल्यामुळे. वरिष्ठ सांगतील तेव्हा करायचं, तोपर्यंत भिंतीला टेकून उभं राहायचं, ही आपल्या दवाखान्यातली रीत. तिथे वरिष्ठ वाट पाहत असतात की तुम्ही म्हणाल, ‘या रुग्णाला मी आज उठवून बसवू का? माझा बेत असा आहे.’ तसं न म्हणणारा विद्यार्थी ‘पुढाकार नाही’ या शेऱ्याखाली गुण गमावतो. चूक झाली तर ती लगेच सांगायची असते. लपवलेली चूक मोठी मानतात. नापास झालेली प्लेसमेंट साधारणपणे एकदाच पुन्हा करता येते, नंतर अभ्यासक्रम सुटतो. प्रवेश घेण्याआधी हा नियम त्या विद्यापीठाच्या नियमावलीत वाचून घ्या.

नोंदी लिहिणं हे दुसरं. रुग्णाने काय सांगितलं, तुम्ही काय मोजलं, त्यावरून काय वाटतं, पुढे काय करणार, या चार भागांत, त्याच दिवशी, वेळ आणि सहीसह. ‘रुग्ण बरा आहे’ हे वाक्य तिथे नोंद नाही. ‘वॉकर घेऊन एका माणसाच्या देखरेखीत 10 मीटर चालला, दोनदा थांबला, दम लागला’ ही नोंद आहे.

आणि एक फरक मनाला लागतो. आपल्या वॉर्डात आजोबांना उठवायला दोन मुलगे, एक सून, शेजारचे काका असतात. तिथला ऐंशीचा म्हातारा बहुधा एकटा राहतो. त्याला घरी सोडायचं तर जिना चढतो का, पलंगाची उंची किती, संडासाला आधाराची दांडी आहे का, किटलीत पाणी भरून उचलता येतं का, हे सगळं विद्यार्थ्याने विचारायचं आणि करून पाहायचं. फिजिओथेरपी म्हणजे सांधा नाही, त्या माणसाचा पूर्ण दिवस, हे तिथे अंगात भिनतं.

व्हिसावर सत्राच्या काळात आठवड्याला 20 तास नोकरीची मुभा आहे. अभ्यासक्रमाचा भाग असलेली प्लेसमेंट त्यात मोजत नाहीत. पण 37.5 तास वॉर्डात उभं राहून, तीन तास प्रवास करून, वर 20 तास दुकानात काम करणं हे शरीराला झेपत नाही, आणि ज्यांचा खर्चाचा हिशेब या कमाईवर उभा असतो ते दुसऱ्या सत्रातच कोलमडतात. इतर एमएससीवाल्यांसारखी लांब उन्हाळी सुट्टीही नसते. नोकरीची कमाई शून्य धरून हिशेब करा.

हिशेब

परदेशी विद्यार्थ्यांची फी बऱ्याच ठिकाणी वर्षाला 18 हजार पौंडांच्या वर आहे. 20 हजार धरू: दोन वर्षांचे 40 हजार. लंडनबाहेर काटकसरीने महिना 1,000 पौंड, 24 महिन्यांचे 24 हजार. व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड, व्हिसा अभ्यासक्रमापेक्षा काही महिने जास्त मिळतो म्हणून अडीच वर्षांचे 1,940. व्हिसा शुल्क 2025 मध्ये 524 पौंड होतं. बेरीज 66 हजारांच्या वर. पौंड 115 रुपये धरला तर 76 लाख. विमान, प्लेसमेंटचा प्रवास, थंडीचे कपडे वेगळे. लंडन असेल तर हा आकडा विसरा.

बँका साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण मागतात, म्हणजे घर किंवा प्लॉट गुंतवावा लागतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पण ती जागतिक क्रमवारीतल्या वरच्या विद्यापीठांपुरती. प्री-रजिस्ट्रेशन चालवणारी बरीच विद्यापीठं त्या यादीत बसत नाहीत. तेव्हा शिष्यवृत्ती हवी असेल तर विद्यापीठ निवडण्याआधी त्या वर्षीची जाहिरात वाचा, नंतर नव्हे.

व्हिसासाठी पैसे दाखवताना गावाकडची एक सवय नडते. पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात सलग 28 दिवस असावा लागतो, मध्ये एक दिवसही कमी होऊन चालत नाही. खातं विद्यार्थ्याचं किंवा आई-वडिलांचं. काका, मामा, आजोबा यांच्या खात्यातले पैसे चालत नाहीत, मग ते कितीही सख्खे असोत. काकांनी द्यायचे असतील तर महिनाभर आधी वडिलांच्या खात्यात वळवा. आई-वडिलांच्या खात्यासोबत जन्मदाखला आणि त्यांचं संमतिपत्र लागतं. जन्मदाखल्यावरचं आईचं नाव आणि बँकेतलं नाव वेगळं असणं आपल्याकडे सर्रास आहे, ते आधी जुळवून घ्या. पती-पत्नीपैकी एकाने शिकायला जाऊन दुसऱ्याला सोबत न्यायचा बेत असेल तर तो सोडा. जानेवारी 2024 पासून अशा एमएससीच्या विद्यार्थ्यांना कुटुंब नेता येत नाही.

नोकरी आणि परतणं

पदवी मिळाली की एचसीपीसीची नोंदणी. शिक्षण तिथलंच असल्यामुळे पुन्हा इंग्रजीची परीक्षा नाही. एनएचएसमध्ये सुरुवात बँड 5 या पगारश्रेणीवर. 2025-26 मध्ये इंग्लंडात त्याचा पगार वर्षाला 31,049 पौंडांपासून सुरू होत होता. कर, घरभाडं जाऊन 76 लाखांचं कर्ज दोन वर्षांत फिटत नाही, सात-आठ वर्षांचा विचार करा. आणि नोकरी पूर्वीइतकी सहज नाही. अलीकडे नव्या पदवीधरांना बँड 5 च्या जागा मिळणं कठीण झालं आहे, आणि हे त्यांची स्वतःची व्यावसायिक संस्थाच उघडपणे मांडते आहे. शिक्षणानंतर थांबायचा ग्रॅज्युएट व्हिसा आतापर्यंत दोन वर्षांचा होता. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना तो 18 महिन्यांचाच मिळणार आहे. आज प्रवेश घेणारे सगळे या नव्या नियमात येतात. तेवढ्या काळात व्हिसा पुरस्कृत करणारी नोकरी धरावी लागेल. लोकांच्या घरी जाऊन करायच्या कामाच्या जागांना बहुधा गाडी चालवता येणं लागतं, भारतीय परवाना तिथे 12 महिनेच चालतो. शिकत असतानाच तिथला परवाना काढणाऱ्यांना जास्त जागांवर अर्ज करता येतो.

आता सोलापूरला परतण्याचं. भारतात 2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यानंतर फिजिओथेरपीचं काम नोंदणीशिवाय करता येत नाही. परदेशी पदवीला इथे मान्यता मिळवावी लागते, ती आपोआप नसते. ज्याच्याकडे बीपीटी नाही आणि फक्त दोन वर्षांची एमएससी आहे, त्याने ‘मिळेल हो, काळजी करू नका’ या शब्दावर विसंबू नये. जाण्याआधी आयोगाला आणि राज्य परिषदेला अभ्यासक्रमाचं नाव, कालावधी आणि प्लेसमेंटचे तास लिहून विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. उत्तर येत नसेल तर ते ‘नाही’ समजून निर्णय घ्या. इथे पुढे एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी, करायची म्हटलं तरी पात्रता बीपीटीचीच आहे.

इथल्या बीपीटीशी तुलना करताना लोक फक्त वर्षं मोजतात. आतापर्यंत ती साडेचार वर्षांची होती, सहा महिन्यांची इंटर्नशिप धरून. राष्ट्रीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप एक वर्षाची, म्हणजे एकूण पाच वर्षं. महाराष्ट्रात प्रवेश नीटच्या गुणांवर, सीईटी सेलमार्फत. सरकारी आणि महापालिकेच्या जागा मुंबई-नागपुरात थोड्या, बाकी खासगी. एकविसाव्या वर्षी बीएस्सी झालेल्याला पुन्हा नीट देऊन सव्विसाव्या वर्षापर्यंत शिकायचं म्हणजे जिवावर येतं, हे आम्हाला समजतं. पण ती पाच वर्षं 76 लाखांच्या बऱ्याच आत होतात, नोंदणी निश्चित मिळते, आणि हात बसतो तो इथल्याच रुग्णांवर, मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणाऱ्यांवर. त्यानंतर ब्रिटनला जायचं तर एचसीपीसीचा थेट रस्ता खुला राहतोच.

डिपॉझिट भरण्याआधी विद्यापीठाला एक ईमेल करा, कन्सल्टंटमार्फत नाही, स्वतः. त्यात विचारा: हा अभ्यासक्रम एचसीपीसीच्या मान्य यादीत आहे का, प्लेसमेंटचं सगळ्यात दूरचं ठिकाण किती अंतरावर असतं, नापास प्लेसमेंट किती वेळा करता येते, गेल्या तुकडीतले परदेशी विद्यार्थी किती आणि त्यांतल्या किती जणांना नोकरी मिळाली, व्हिसा नाकारला गेला तर डिपॉझिट किती परत मिळतं. चांगलं विद्यापीठ या सगळ्यांची सरळ उत्तरं देतं, आणि ती उत्तरं घरच्यांसमोर बसून, मराठीत समजावून, कर्जाच्या कागदांवर सही होण्याआधी वाचून दाखवा.